जीवाश्मांवरून काळाची हद्द कशी ठरते: मेइशानच्या चार सेंटीमीटर थराचा हिशेब

प्रश्न असा आहे: "पर्मियन संपून ट्रायासिक सुरू झाला असे पुस्तकात असते आणि पुढे २५१.९०२ दशलक्ष वर्षे असा आकडा असतो. ही रेषा खडकात नेमकी कुठे आणि कशी आखतात? ज्या जीवाश्मावरून ती आखली, तोच उद्या आणखी खालच्या थरात सापडला तर काय? आणि आपल्याकडे दख्खनच्या लाव्हा प्रवाहांमधल्या थरांत शंख मिळतात, त्यांवरून अशी हद्द ठरवता येईल का?"

तिन्ही उत्तरे एकाच गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधी सांगतो. काळाची अधिकृत हद्द म्हणजे जगातल्या एका ठरावीक ठिकाणी, उघड्या पडलेल्या एका ठरावीक थरातला एक बिंदू. तो बिंदू हीच व्याख्या. बाकीच्या जगात तीच वेळ कोणत्या थराला आली हे ओळखायला जीवाश्म लागतो. व्याख्या आणि ओळख या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सगळे गोंधळ सुरू होतात, आणि प्रश्नातला "खाली सापडला तर?" हा भागही त्याच गल्लतीतून येतो.

पूर्वी असे नव्हते. थराथरांतले जीवाश्म वेगळे असतात आणि त्यांचा क्रम सगळीकडे तोच राहतो, हे विल्यम स्मिथ या इंग्लंडमधल्या कालव्यांच्या सर्वेक्षकाने दाखवले आणि त्या आधारावर १८१५ साली नकाशा छापला. आल्बर्ट ओपेलने १८५६ ते १८५८ या काळात जुरासिक खडक अमोनाइटांच्या (गुंडाळलेल्या शंखाच्या लुप्त सागरी प्राण्यांच्या) झोनमध्ये, म्हणजे विशिष्ट प्रजातींवरून ओळखायच्या थरांच्या टप्प्यांत, विभागले. पण मोठ्या कालखंडांच्या हद्दी मात्र खडकाचा पोत किंवा रंग जिथे अचानक बदलतो तिथे ठेवल्या गेल्या. नकाशा काढायला ते सोयीचे होते. अडचण अशी की खडक जिथे अचानक बदलतो तिथे बहुतेक वेळा साठवण थांबलेली असते किंवा साठलेला गाळ धुपून गेलेला असतो. म्हणजे नेमक्या हद्दीवरचाच काळ खडकात नसतो.

पर्मियन-ट्रायासिकच्या बाबतीत हे फारच ठळक आहे. ट्रायासिक हे नाव अल्बर्टीने १८३४ साली जर्मनीतल्या खडकांच्या तीन गटांवरून दिले, आणि पर्मियन हे मर्चिसनने १८४१ साली रशियातल्या पर्म प्रदेशावरून. रशियातल्या पर्मियनचा वरचा भाग आणि जर्मनीतल्या ट्रायासिकचा खालचा भाग हे दोन्ही जमिनीवर साठलेले, बरेचसे तांबडे खडक आहेत. त्यांत समुद्री जीवाश्म जवळजवळ नाहीत. मूळ जागांवर ही हद्द नीट आखताच येत नाही, आणि म्हणून ती शोधायला समुद्री थर असलेले प्रदेश धुंडाळावे लागले. त्यात हिमालय पहिल्या रांगेत होता.

बिंदूने हद्द ठरवण्याची पद्धत १९७२ साली माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय काँग्रेसमध्ये पहिल्यांदा मान्य झाली. चेक प्रदेशातल्या क्लोंक या ठिकाणी सिल्युरियन आणि डेव्होनियन यांची हद्द २० क्रमांकाच्या थरात ठेवली गेली. ओळखीसाठी मोनोग्रॅप्टस युनिफॉर्मिस हा ग्रॅप्टोलाइट (वसाहतीने राहणारा लुप्त सागरी जीव) निवडला. अशा बिंदूला आता 'ग्लोबल बाउंड्री स्ट्रॅटोटाइप सेक्शन अँड पॉइंट' म्हणतात. बोलताना आपण सगळे जीएसएसपी किंवा सोनेरी खिळा म्हणतो.

खिळा ठोकायला जागा कशी लागते? थर सलग उघडे हवेत आणि हद्दीच्या वर-खाली पुरेशी जाडी हवी. साठवण खंड न पडता झालेली हवी. भ्रंश, घड्या, उष्णतेने झालेले रूपांतर नको. खडक समुद्री हवा, कारण समुद्री जीव प्रवाहांबरोबर दूरवर पसरतात. जीवाश्म भरपूर आणि निरनिराळ्या गटांचे हवेत. शिवाय चुंबकीय नोंद, कार्बनची समस्थानिके, ज्वालामुखीची राख अशी जीवाश्मांवर न टेकणारी साधने मिळाली तर फार बरे. जागा कोणालाही अभ्यासासाठी खुली असावी लागते. प्रस्ताव आधी कार्यगट, मग उपआयोग, मग आंतरराष्ट्रीय स्तरशास्त्र आयोग अशा पायऱ्यांनी जातो, दर पायरीला ६० टक्के मते लागतात आणि शेवटी आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघ शिक्कामोर्तब करतो. त्यानंतर निदान दहा वर्षे बदलाचा विषय काढता येत नाही. ही अट चांगली आहे. नाहीतर दर नव्या शोधनिबंधागणिक जगभरचे नकाशे बदलावे लागले असते.

आता प्रत्यक्ष उदाहरण. चीनच्या झेजियांग प्रांतात चांगशिंग तालुक्यात मेइशान नावाची चुनखडीची खाण आहे. तिथल्या 'डी' छेदात, म्हणजे सलग उघड्या पडलेल्या थरांच्या एका रांगेत, २७सी या थराच्या तळाला २००१ साली ट्रायासिकची सुरुवात मान्य झाली. ओळख: हिंडिओडस पार्व्हस या कोनोडॉन्टचा, म्हणजे दातासारख्या सूक्ष्म सागरी जीवाश्माचा, पहिला आढळ.

थरांची रचना जवळून पाहू, कारण सगळा हिशेब तिथेच आहे. २४ क्रमांकापर्यंत पर्मियनची चुनखडी. त्यावर २५ क्रमांकाचा सुमारे ४ सेंटीमीटरचा फिकट मातीचा थर. ही मुळात ज्वालामुखीची राख. त्यावर २६ क्रमांकाचा सुमारे ६ सेंटीमीटरचा काळपट मातीचा थर. त्यावर १६ सेंटीमीटरचा २७ क्रमांकाचा चुनखडीचा थर, जो अभ्यासासाठी ए, बी, सी, डी अशा प्रत्येकी ४ सेंटीमीटरच्या भागांत विभागला आहे. त्यावर २८ क्रमांकाची पुन्हा राख. पर्मियनच्या शेवटचा महाविनाश २५ च्या तळाशी दिसतो. अधिकृत हद्द त्याच्यावर साधारण १८ सेंटीमीटरवर, २७बी आणि २७सी यांच्या मध्ये. म्हणजे विनाश आणि हद्द एकाच पातळीवर नाहीत. पुस्तकांत दोन्ही एकच धरलेले दिसते, ते चुकीचे आहे.

दोन्ही राखेच्या थरांत झिरकॉन या खनिजाचे स्फटिक मिळतात. त्यांतल्या युरेनियम-शिशाच्या गुणोत्तरावरून २५ क्रमांकाचे वय २५१.९४१ ± ०.०३७ दशलक्ष वर्षे आणि २८ क्रमांकाचे २५१.८८० ± ०.०३१ दशलक्ष वर्षे येते. फरक ६१ हजार वर्षांचा. राख झटकन साठते, म्हणून मोजायची जाडी २५ च्या माथ्यापासून: २६ चे ६ सेंटीमीटर आणि २७ चे १६, एकूण २२ सेंटीमीटर. २७सी चा तळ २५ च्या माथ्यापासून १४ सेंटीमीटरवर (६ अधिक ८). साठवणीचा वेग सारखा धरला तर १४ भागिले २२ गुणिले ६१ हजार, म्हणजे सुमारे ३९ हजार वर्षे. २५१.९४१ मधून ०.०३९ वजा करा. २५१.९०२. पुस्तकातला आकडा असा, राखेच्या दोन वयांच्या मधून काढलेला आहे. हद्दीच्या थराचे वय थेट कोणी मोजलेले नाही आणि जीवाश्माचे तर मुळीच नाही.

याच हिशेबातून खाचखळगेही दिसतात. माती आणि चुनखडी सारख्या वेगाने साठत नाहीत आणि नंतर सारख्या दाबल्याही जात नाहीत. माती जास्त दबते. शिवाय दोन वयांमधल्या फरकावरची अनिश्चितता दोन्ही चुकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असते: ०.०३७ आणि ०.०३१ वरून ०.०४८. म्हणजे ६१ हजार वर्षांच्या अंतरावर ± ४८ हजार. याचा अर्थ विनाश काही हजार वर्षांत झाला की लाखभर वर्षांत, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. जो ४ सेंटीमीटरचा नमुना आपण एक तुकडा म्हणून फोडतो, त्यात सरासरी अकरा हजार वर्षे सामावलेली आहेत. जीवाश्म त्या चार सेंटीमीटरमध्ये वर होता की खाली, हे आम्लात विरघळवल्यावर कळायला मार्ग नाही. नमुन्याची जाडी हीच आपल्या अचूकतेची मर्यादा.

हिंडिओडस पार्व्हसच का? आधी ट्रायासिकची सुरुवात ओटोसेरास या अमोनॉइडवरून (अमोनाइटांच्या मोठ्या गटातल्या प्राण्यावरून) ओळखत. ओटोसेरास वुडवर्डीचे वर्णन ग्रीसबाखने १८८० साली हिमालयातल्या नमुन्यांवरून केले. शंभर वर्षे तोच आधार होता. पण ओटोसेरास मिळतो तो मुख्यतः हिमालय-तिबेटच्या पट्ट्यात आणि त्याचा भाऊबंद आर्क्टिकमध्ये. विषुववृत्ताजवळच्या उथळ उष्ण समुद्रांत त्याचा भरवसा नाही. हिंडिओडस पार्व्हस मात्र चीन, काश्मीर, इराण, इटली असा दूरवर मिळतो. यिन होंगफू यांनी १९८६ मध्ये त्याचा आग्रह धरला. १९९० च्या दशकात चार जागा उमेदवार होत्या: मेइशान, चीनमधलेच शांगसी, तिबेटमधले सेलोंग आणि श्रीनगरजवळचे गुर्युल रॅव्हिन. गुर्युलचा छेद जाड आणि सलग आहे, पण मेइशानला हद्दीच्या दोन्ही बाजूंना वय काढण्याजोगी राख होती, कोनोडॉन्टांची बारीक टप्प्यांची नोंद होती आणि जाणे-येणे सोपे होते. शास्त्राच्या दृष्टीने राख हा मुद्दा एकटाच पुरेसा होता, असे माझे मत आहे. हिमालयातली दुसरी जागा, स्पितीमधले मुद गाव, ट्रायासिकच्या दुसऱ्या टप्प्याच्या म्हणजे ओलेनेकियनच्या तळासाठी उमेदवार आहे. तिथली ओळख निओस्पॅथोडस वागेनी या कोनोडॉन्टवर बेतलेली आहे.

आता प्रत्यक्ष काम. कोनोडॉन्ट म्हणजे ईलसारख्या लहान सागरी प्राण्याच्या तोंडातले दातांसारखे भाग, कॅल्शियम फॉस्फेटचे, बहुतेक एक मिलिमीटरच्या आतले. उघड्या डोळ्यांनी शोधायचे नसतात. चुनखडी विरघळवून मागे काय उरते ते पाहायचे असते.

छेदावर आधी वरचा झिजलेला भाग काढून ताजा खडक उघडा करा. थरांना खालून वर क्रमांक द्या, जाडी थराला काटकोनात मोजा. उतारावर पट्टी उभी धरली तर जाडी फुगते. पहिल्या फेरीत अर्धा ते एक मीटर अंतरावर नमुने घ्या. हद्द कुठल्या टप्प्यात आहे हे कळले की दुसऱ्या फेरीत तिथे दर दोन-पाच सेंटीमीटरला. नमुना घेताना थराची सीमा ओलांडू नका. एकाच तुकड्यात वरचा आणि खालचा थर आला तर नंतर कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही. ढासळत्या उतारावर आधी खालचे नमुने घ्या, म्हणजे वरचा चुरा न घेतलेल्या थरावर पडत नाही. दोन नमुन्यांमध्ये छिन्नी आणि हातोडा ब्रशने पुसा.

वजन किती घ्यायचे, हा प्रश्न फार कमी लोक आकड्यांत विचारतात. समजा एका थरात हवा तो कोनोडॉन्ट किलोला सरासरी एक आहे. तर एक किलोचा नमुना घेतल्यावर तो हाती न लागण्याची शक्यता ३७ टक्के. तीन किलो घेतले तर ५ टक्के. म्हणून हद्दीच्या आसपास एक किलोचा नमुना घेऊन "इथे नाही" असे लिहिणे धोक्याचे आहे. "मिळाला नाही" एवढेच लिहा, आणि वजनही लिहा.

प्रयोगशाळेत खडक दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून ८ ते १० टक्के ॲसिटिक आम्लात टाकतात. शुद्ध चुनखडी एक किलो विरघळवायला १० टक्के आम्ल हिशेबाने १२ लिटर लागते. प्रत्यक्षात शेवटी शेवटी क्रिया मंदावते, म्हणून आम्ल बदलत राहावे लागते आणि एकूण जास्तच खर्च होते. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचे नाही, ते फॉस्फेटही खाते. ॲसिटिक आम्लसुद्धा ताजे, तीव्र असेल तर कोनोडॉन्टांच्या पृष्ठावर खड्डे पाडते. आधीच्या फेरीचे कॅल्शियम ॲसिटेट असलेले द्रावण थोडे मिसळले तर हा त्रास टळतो. डोलोमाइट असेल तर ॲसिटिक फार सावकाश चालते, तिथे फॉर्मिक आम्ल घ्यावे लागते. उरलेला गाळ १ मिलिमीटर आणि ०.०६३ मिलिमीटर अशा दोन चाळण्यांतून जातो. खालची चाळणी ०.१२५ ची लावली की लहान नमुने वाहून जातात आणि नेमके तेच लागणार असतात. चाळण्या दर नमुन्यानंतर मेथिलीन ब्ल्यूमध्ये बुडवाव्यात. मग आधीच्या नमुन्याचा अडकलेला कण निळा दिसतो आणि ओळखता येतो. एका अडकलेल्या कणाने हद्द अर्धा मीटर खाली सरकू शकते.

गाळ जास्त असेल तर जड द्रवातून काढतात. कोनोडॉन्टची घनता २.८४ ते ३.१०, क्वार्ट्झची २.६५, कॅल्साइटची २.७१. सोडियम पॉलिटंगस्टेटचे द्रावण २.८० च्या आसपास ठेवले की कोनोडॉन्ट बुडतात, हे दोन्ही तरंगतात. डोलोमाइट मात्र २.८५ असल्याने कोनोडॉन्टांबरोबर खाली येतो. इथे एक चूक सर्रास होते: गाळात आम्लातले कॅल्शियम शिल्लक राहते, ते टंगस्टेटशी मिळून न विरघळणारा पांढरा साका तयार करते आणि महागडे द्रावण वाया जाते. डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुऊन, वाळवून मगच द्रवात टाका.

कोनोडॉन्टचा रंगही लिहून ठेवा. फिकट पिवळा म्हणजे खडक फारसा तापलेला नाही, काळा म्हणजे ३०० अंश सेल्सियसच्या वर गेलेला. यावरून त्या छेदातली चुंबकीय किंवा समस्थानिकांची नोंद कितपत मूळची राहिली असेल, याचा अंदाज येतो.

ओळखताना हिंडिओडस पार्व्हसची खूण म्हणजे मुख्य दाता शेजारच्या दात्यांपेक्षा ठळकपणे, साधारण दुप्पट उंच. हिंडिओडस टिपिकॅलिसचा दाता रुंद आणि त्या मानाने बुटका. मुख्य दाता मोडलेला नमुना पार्व्हस म्हणून नोंदवू नका, कितीही मोह झाला तरी. पार्व्हस हळूहळू बदलत गेलेल्या वंशावळीतून आला आहे, त्यामुळे मधले नमुने मिळणारच. एका नमुन्यावरून निर्णय न घेता त्या थरातले सगळे नमुने मांडून प्रमाण पाहा, आणि छायाचित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढा, म्हणजे दुसऱ्या कोणालाही ते तपासता येईल.

पहिल्या आढळाला शेवटच्यापेक्षा जास्त महत्त्व का, हेही पाहू. नवी प्रजाती एकदाच उद्भवते आणि समुद्रातून भूशास्त्रीय दृष्टीने पटकन पसरते. नाहीशी मात्र ती ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी होते. शिवाय जुने जीवाश्म धुपून वरच्या गाळात पुन्हा साठतात, त्यामुळे शेवटचा आढळ वर सरकतो. याच्या उलट, दुर्मीळ प्रजातीचा शेवटचा नमुना आपल्याला मिळण्याची शक्यताच कमी, म्हणून अचानक झालेला विनाशही नोंदीत सावकाश झाल्यासारखा दिसतो. सिग्नर आणि लिप्स यांनी १९८२ साली हे स्पष्ट केले. तोच नियम पहिल्या आढळालाही लागू आहे, फक्त उलट्या दिशेने: प्रजाती आपल्याला दिसते त्याच्या आधीच आलेली असते.

किती आधी? यासाठी एक सोपे सूत्र आहे, स्ट्रॉस आणि सॅडलर यांनी १९८९ साली दिलेले. प्रजाती n पातळ्यांवर R मीटर जाडीत मिळाली असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी खालच्या टोकाला वाढवायची जाडी = R × (०.०५ चा −१/(n−१) घात, वजा १). दहा मीटरमध्ये ५ पातळ्यांवर मिळाली तर वाढ ११ मीटरहून थोडी जास्त, म्हणजे मूळ जाडीपेक्षाही अधिक! २० पातळ्यांवर मिळाली तर वाढ फक्त १.७ मीटर. सूत्र नमुने यदृच्छेने विखुरलेले धरते. खडकाचा प्रकार बदलत असेल तर ते लागू पडत नाही, तरीही पाचच पातळ्यांवरच्या नोंदीवर हद्द आखणाऱ्याने हा आकडा एकदा काढून पाहावा.

खडकाचा प्रकार बदलणे हा तर सगळ्यात फसवा भाग. हिंडिओडस उथळ पाण्यात रमणारा. खोल पाण्याच्या छेदात तो उशिरा दिसला तर ती समुद्राच्या खोलीची गोष्ट असू शकते. म्हणून एकट्या पार्व्हसवर विसंबायचे नसते. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रजातींचा क्रम, कार्बन-१३ ची घट, चुंबकीय नोंद, राख, हे सगळे एकत्र ठेवून पाहावे लागते. दोन छेद जुळवायची ॲलन शॉ यांनी १९६४ साली दिलेली रीत अजून कामाची आहे: एका अक्षावर पहिल्या छेदातली उंची, दुसऱ्यावर दुसऱ्या छेदातली, आणि दोन्हींत मिळणाऱ्या प्रत्येक प्रजातीच्या पहिल्या-शेवटच्या आढळाचे बिंदू. बहुतेक बिंदू रेषेवर आले आणि एखादाच दूर राहिला, तर तो संशयित. रेषा मध्येच आडवी झाली, तर त्या पातळीवर एका छेदात साठवण थांबलेली आहे.

साठवण फार मंद झाली की अनेक झोन एका हातभर थरात कोंबले जातात. कच्छमधल्या ढोसा ऊलाइटचा माथा हे त्याचे उत्तम उदाहरण. वेगवेगळ्या झोनचे अमोनाइट तिथे एकत्र पडलेले मिळतात, काही धुपून पुन्हा साठलेले. अमोनाइट सुंदर आणि भरपूर असले तरी असा थर हद्दीसाठी निरुपयोगी आहे.

तेलविहिरीत तर नियमच उलटतात. मुंबई हायसारख्या ठिकाणी खोदताना वर येणारा चुरा हाच नमुना, आणि वरच्या भिंतीतले तुकडे सतत खाली पडून त्यात मिसळतात. त्यामुळे फोरामिनिफेराचा (कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा) खालून पहिला आढळ खोटा ठरण्याचा धोका मोठा. म्हणून विहिरीत खाली जाताना प्रजाती पहिल्यांदा जिथे दिसते, म्हणजे तिचा शेवटचा आढळ, तोच पाया धरतात. उघड्या छेदाची सवय असलेला माणूस विहिरीचा तक्ता वाचताना इथे हमखास चुकतो.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: तोच जीवाश्म खाली सापडला तर? हे घडलेले आहे. कॅनडात न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्युन हेडला १९९२ साली कँब्रियनचा तळ ठरला, ट्रिप्टिक्नस पेडम या बिळांच्या ठशाच्या आधारे. २००१ मध्ये तोच ठसा खिळ्याच्या चारएक मीटर खाली असल्याचे प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये ला सेर्र येथे डेव्होनियन-कार्बनिफेरसची हद्द सायफोनोडेला सल्काटा या कोनोडॉन्टवर १९९० मध्ये ठरली, आणि पुढे तो खालच्या थरातही मिळाला.

दोन्ही ठिकाणी हद्द आपोआप हलली नाही. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड एकदा रोवला की शेजारच्या झाडावरून ओळख पटते की नाही, याने दगडाची जागा बदलत नाही, तसेच हे. व्याख्या बिंदूची आहे. बिघडते ती ओळख: आता "सल्काटा दिसला म्हणजे कार्बनिफेरस" असे म्हणता येत नाही. ला सेर्रच्या बाबतीत ओळख इतकी बिघडली की कार्यगटाला नवी खूण आणि नवी जागा शोधायला लागावे लागले. ट्रिप्टिक्नसच्या बाबतीत मला मूळ निवडच कमकुवत वाटते. बीळ हे प्राण्याचे वागणे आहे, आणि समुद्रतळ कसा होता यावर ते दिसणे-न दिसणे अवलंबून असते. पण त्या काळासाठी जगभर मिळणारे दुसरे काही फारसे नव्हते, हेही खरे.

जीवाश्माशिवायही खिळा ठोकता येतो. ट्युनिशियातल्या एल केफला क्रेटेशियस आणि पॅलिओजीन यांची हद्द काळ्या मातीच्या तळाला आहे, जिथे इरिडियम एकदम वाढते. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या खांबावर २०१८ साली ठरलेला मेघालयन हा टप्पा सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू होतो. एवढ्या थोड्या काळात ओळखण्याजोग्या नव्या प्रजाती येत नाहीत, तिथे ऑक्सिजनची समस्थानिकेच उपयोगी.

राहिला दख्खनचा प्रश्न. नागपूरजवळच्या टाकळीपासून छिंदवाड्यापर्यंत लाव्हा प्रवाहांच्या मध्ये जे तळ्यांचे थर आहेत, त्यांत फायसा प्रिन्सेपीसारखे गोड्या पाण्यातले शंख, माशांचे खवले, वनस्पती मिळतात. त्यांवरून जागतिक हद्द ठरवता येत नाही. तळी एकमेकांपासून तुटलेली असतात, प्रत्येकातला जीवसमूह तिथल्या पाण्यावर अवलंबून असतो, आणि थर लाव्हाने झाकला जातो तेव्हा त्या तळ्याची नोंदच संपते. फायसा मिळणे किंवा न मिळणे यावरून फार तर त्या परिसरातला क्रम सांगता येतो. परागकण थोडी अधिक मदत करतात: अक्विलापोलेनाइट्स मिळाले तर थर क्रेटेशियसच्या शेवटच्या, मास्ट्रिख्टियन टप्प्यातला असण्याकडे कल जातो.

खरी मदत तिथे मिळते जिथे समुद्र आत आला होता. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला आणि आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या खाणींत प्रवाहांच्या मधल्या थरांत डॅनियन काळाच्या, म्हणजे पॅलिओजीनच्या पहिल्या टप्प्याच्या, सुरुवातीचे तरंगते फोरामिनिफेरा मिळाले आहेत. हे जीव जगभरच्या समुद्रांत होते, त्यामुळे त्यांची तुलना थेट एल केफशी करता येते: ते थर क्रेटेशियसच्या हद्दीच्या लगेच वरचे. म्हणजे राजमहेंद्रीत त्यांच्या खालचे लाव्हा प्रवाह हद्दीच्या आधीचे किंवा अगदी जवळचे.

घाटात मात्र फोरामिनिफेरा नाहीत, तिथे दुसऱ्या वाटेने जावे लागते. बेसाल्टची चुंबकीय दिशा पाहिली तर पश्चिम घाटातला बराचसा लाव्हा सी२९आर या उलट्या ध्रुवीयतेच्या (पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट असतानाच्या) टप्प्यात येतो, आणि क्रेटेशियस-पॅलिओजीनची हद्दही त्याच टप्प्याच्या आत आहे. प्रवाहांच्या मधल्या तांबड्या मातीच्या थरांत, ज्यांना रेड बोल म्हणतात, राखेतले झिरकॉन मिळतात आणि त्यांवरून युरेनियम-शिशाची वये काढली गेली आहेत. राजमहेंद्रीच्या लाव्हाचे रासायनिक साम्य घाटातल्या अंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी आहे, त्यावरून ते प्रवाह पश्चिमेकडून हजारएक किलोमीटर वाहत आले असे मांडले जाते. हे मान्य केले, तर राजमहेंद्रीच्या खाणीतल्या फोरामिनिफेरावरून कळलेली वेळ रसायनाच्या आणि चुंबकीय नोंदीच्या आधारे महाबळेश्वरच्या कड्यातल्या प्रवाहांपर्यंत आणता येते, जरी त्या कड्यात हद्द दाखवणारा एकही समुद्री जीवाश्म नाही.